दाणीताईंचं अर्धं मैदान

रईसभाईंना ग्रुपमधून मी काढलं होतं. दाणीताईंनी नाही.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धाकट्या भावाला नाही. ताईंनाही मी ते तोंडाने कधी सांगितलं नाही. त्यांना ते न सांगता कळलं होतं, ही गोष्ट वेगळी. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. जबलपुरात हॉकी बघणारी कितीतरी माणसं अजून म्हणतात, "मैडम वैसे बड़ी सच्ची थीं, बस आखिर में गड़बड़ कर गईं." असं कुणी म्हणालं की मी हातातल्या चहाकडे बघत बसतो.

तेव्हा आधी त्या कशा होत्या ते लिहितो. माझं त्यात येईल तेवढं येऊ दे.

प्रमिला दाणी. आम्हा मराठी लोकांत दाणीताई, बाकी शहराला दानी मैडम. राइट टाउनमधल्या मुलींच्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या आणि सुट्टीच्या दिवशी हॉकीच्या अंपायर. पुरुषांच्या सामन्यात बाई शिट्टी घेऊन उतरते हे बघायलाच लोक येत, तेव्हापासूनच्या. उंचीने इतक्या लहान की भांडायला आलेल्या खेळाडूला खाली वाकावं लागे. "अन् वाकलेल्या माणसाला जोरात भांडता येत नाही," असं त्या म्हणायच्या. शिट्टी गळ्यात, काळ्या दोरीला. त्याच दोरीला घराची किल्ली. शाळा सुटली, मैदान सुटलं, तरी ती दोरी काही गळ्यातून निघाली नाही. भाजीच्या गाड्यावर कुणी मध्ये घुसला तर त्या बोलत नसत. हात आडवा लांब करून ज्याची पाळी असेल त्याच्याकडे दाखवत, फ्री हिट कुणाची ते दाखवतात तसा. घुसलेला माणूस निमूट मागे सरके.

चालायच्याही तिरप्या. खेळाकडे पाठ करायची नाही, ही सवय अंगात इतकी मुरलेली की घरी पाहुणे बसलेले असताना स्वयंपाकघरात जायचं झालं तरी त्या अर्ध्या वळून, आमच्याकडे बघत बघत जायच्या. दाराची चौकट त्यांना न बघताच ठाऊक होती.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या उर्मटपणामुळे. मोबाइलवर 'अपनी हॉकी, जबलपुर' नावाचा ग्रुप होता. ताईंच्या जुन्या विद्यार्थिनींनी तो सुरू करून ताईंच्या हाती दिला आणि बघता बघता शहरातले हॉकीवेडे सगळे त्यात शिरले. मीही होतो. एका स्थानिक स्पर्धेची फायनल बघून आलो आणि तावातावाने लिहून टाकलं, 'आज अंपायर अंधी थी क्या?' दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरावरून फोन.

"मुकुंद वझलवार ना?"

"हो."

"मी दाणी बोलून राहिली. काल जी आंधळी होती ना, ती."

मी काहीतरी पुटपुटलो. सहज लिहिलं, मनात काही नव्हतं, वगैरे.

"सहजच लिहितात सगळे. तू कुठे बसला होता ते सांग."

"पायऱ्यांवर. स्कोअरबोर्डच्या बाजूला."

"तिथून गोलची उजवी बाजू दिसते?"

"नाही ताई."

"मला दिसत होती. चेंडू त्याच्या पायाला लागला. आता तुला हिरवं कार्ड. दोन मिनिटं बाहेर बसायचं असते. बस."

आणि खरोखरच त्यांनी दोन मिनिटं फोन धरून ठेवला. मी कानाला फोन लावून गप्प. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, कुणीतरी दारात येऊन गेलं, दूधवाला असावा. मग आवाज आला, "झाले. बोल, आता काय म्हणणं आहे?"

मला हसू आलं. त्याही हसल्या. महिन्याभरात मी त्यांच्या घरी पोहे खात बसलेला होतो.

ग्रुप सांभाळायची त्यांची रीत ही अशी होती. कुणाचं लिखाण काढायचं असेल तर आधी त्या माणसाला फोन. फोन उचलला नाही तर परत फोन. "आवाज ऐकल्याशिवाय कार्ड नाही," त्या म्हणायच्या. "मैदानात मी पोराच्या डोळ्यांत बघून कार्ड काढत होते. इथे डोळे नाहीत, तर निदान आवाज तरी पाहिजे." लिहिताना वाघ असलेली माणसं फोनवर शेळी व्हायची हे मी कितीदा ऐकलं आहे. निम्म्या वेळा तो माणूस स्वतःच म्हणायचा, जाने दो मैडम, मैं ही हटा देता हूँ.

दुसरी रीत ॲडव्हांटेजची. फाउल झाला, पण ज्याच्यावर झाला तोच चेंडू घेऊन पुढे निघाला असेल, तर अंपायर शिट्टी वाजवत नाही. एकदा मुलींच्या सामन्याच्या फोटोखाली एकाने मुलींच्या कपड्यांवरून घाण लिहिलं. मी म्हटलं, ताई, काढतो. "थांब जरा." दहा मिनिटांत त्या संघाच्या कर्णधार मुलीने खाली उत्तर लिहिलं की भैया, आप कपड़े देखते रहो, हम स्कोर देख रहे हैं, चार-शून्य है. त्याखाली हसणाऱ्यांची रांग लागली. "आता तू ते काढलं असतं तर तिचं उत्तर पण गेलं असतं," ताई म्हणाल्या. "ॲडव्हांटेज बघत जा." त्या माणसाला फोन मात्र गेलाच.

एव्हाना मी त्यांचा जोडीदार झालो होतो. हॉकीत अंपायर दोन असतात, अर्धं मैदान एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. ताईंनी तेच इथे आणलं. ग्रुपमध्ये 'अंपायर' या नावाचं एक खातं काढलं. त्याची चावी दोघांकडेच, त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. सकाळपासून चारपर्यंत त्यांचं अर्धं, चारनंतर माझं. "अंपायरला नाव नसते," त्यांचं म्हणणं. "शिट्टी वाजली की वाजली. कुणाची वाजली हे खेळाडूनं विचारायचं नाही अन् जोडीदारानं सांगायचं नाही."

मी एक अट घातली. माझी सरकारी कारखान्यातली नोकरी. इथे राजकारणाचीही कुरकुर चालते. तेव्हा दुसरा अंपायर मी आहे हे कुणाला कळू नये. ताई म्हणाल्या, "नाही कळणार." एवढंच. ग्रुपमध्ये सगळे समजत, अंपायर म्हणजे दानी मैडम.

कुरकुर म्हणजे काय, तर निवडणुका. एरवी पेनल्टी कॉर्नरवरून भांडणारी माणसं निवडणूक आली की झेंडे घेऊन शिरायची. मैदानाच्या नव्या दिव्यांचं उद्घाटन झालं की एका बाजूचा माणूस हार घातलेल्या नेत्याचा फोटो टाकणार. दिवे बंद पडले की दुसऱ्या बाजूचा त्याच नेत्याच्या नावानं शिमगा करणार. दोन्हीकडचे ताईंना समोरच्यांची म्हणायचे. ताईंनी नियम केला की नेत्याचा फोटो चालेल, पण हातात स्टिक पाहिजे.

आमच्याकडे दुबे म्हणून एक वॉर्डातला कार्यकर्ता होता. हसतमुख, सगळ्यांच्या लग्नाकार्यात पुढे. त्याने शोधून शोधून आपल्या नेत्याचा स्टिक घेतलेला फोटो टाकला. ताईंनी माझ्यासमोर फोन लावला.

"दुबे भैया, फोटो नियम में है. रहेगा. पर एक बात बताऊँ? स्टिक उल्टी पकड़ी है उन्होंने."

पलीकडे दुबे फोटो परत उघडून बघत असावा.

"स्टिक की पीछेवाली गोल बाजू से खेलने लगें तो हर बार फाउल होगा. लोग हँसेंगे. रहने दूँ?"

"अरे नहीं नहीं मैडम," दुबे घाईने म्हणाला.

फोटो गेला. ताईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूच्याचा पण बघून ठेव. त्यांचा माणूस क्रिकेटची बॅट घेऊन उभा आहे, तो उद्या टाकतील."

त्या स्वतः कुणाला मत देत हे मी काढून घ्यायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकदा मतदान करून येताना रस्त्यात भेटल्या, बोटाला शाई. मी म्हटलं, "मग ताई, कुणाला?" म्हणाल्या, "बटन दाबून आली. शाई वाळेपर्यंत लक्षात राहते, मग विसरते. तू पण विसरत जा, तब्येत बरी राहील." आणि माझ्या मुलाच्या परीक्षेचं विचारू लागल्या.

मला मात्र विसरता येत नव्हतं. सकाळी आमचा फिरायला जाणाऱ्यांचा एक कंपू होता, त्यात दुबे मध्यभागी चालायचा आणि मी कडेला. त्यांचं बोलणं मला पटायचं. कधी पटायचं नाही, पण त्या गोतावळ्यात मान हलवायला बरं वाटायचं. मी बोलका माणूस नाही. मान हलवून मिळते तेवढी माणसं मी जोडत आलो.

आता रईसभाई. तरुणपणी ते गोलकीपर होते आणि ताई त्यांच्या सामन्यांच्या अंपायर. ताईंनी त्यांच्याविरुद्ध दिलेले पेनल्टी स्ट्रोक दोघं बसून आठवायचे आणि दर वेळी नव्याने भांडायचे. "दीदी, वो स्ट्रोक नहीं था." "था." "अरे, बॉल रुकी हुई थी." "तेरा पाँव रुका था, बॉल नहीं." राखीला ताई गढा भागातल्या त्यांच्या घरी जात. रईसभाई रेल्वेतून निवृत्त झाले आणि रोज सकाळी मैदानावर मुलांना गोलकीपिंग शिकवू लागले, हौसेने. पॅड बांधलेली दहा-बारा पोरं त्यांच्यासमोर बेडकासारखी उड्या मारायची. ग्रुपमध्ये ते दर रविवारी एक जुना फोटो टाकत, आणि फोटोत दिसणारा प्रत्येक माणूस कोण ते लिहीत.

तो सामना पाकिस्तानशी होता. दुपारी. मतदान तोंडावर आलेलं. आपण जिंकलो. ग्रुपमध्ये फटाके, झेंडे, सगळं. त्यात रईसभाईंनी लिहिलं, 'जीत अपनी, मुबारक सबको. पर आज का दिन उनके गोलकीपर का था. क्या पेनल्टी कॉर्नर रोके हैं लड़के ने. सलाम.'

गोलकीपर सामन्यात दुसऱ्या गोलकीपरलाच बघतो. त्या पोस्टमध्ये त्यापेक्षा जास्त काही नव्हतं. हे मला आज कळतं असं म्हणणं खोटं ठरेल. मला तेव्हाही कळत होतं. पण खाली लोकांनी सुरुवात केली होती. उधर ही चले जाओ. असली रंग दिख गया. शिव्या वाढत गेल्या. ताई त्या दिवशी मझौलीला होत्या, एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी लग्नाला, आणि तिथे फोनला रेंज नव्हती. चार वाजून गेले होते. माझं अर्धं मैदान.

दुबेचा फोन आला. "मुकुंद भैया, देख रहे हो ग्रुप में? आप तो मैडम के करीबी हो, कहो ना उनसे. आप अपने आदमी हो, इसलिए कह रहा हूँ."

त्याने धमकी दिली नाही. दबाव आणला नाही. 'अपने आदमी' एवढंच म्हणाला. आणि खरं सांगायचं तर ती सलामाची ओळ मलाही खटकली होती. कळत असूनही खटकली होती. शिव्या देणाऱ्यांना एकेकाला फोन करायचा म्हणजे संध्याकाळ गेली असती, आणि त्यातले निम्मे माझ्याबरोबर फिरायला येणारे. रईसभाईंना काढलं की भांडण मिटत होतं. मी फोन केला नाही. 'अंपायर'च्या खात्यातून त्यांना काढलं, त्यांची पोस्ट पुसली, आणि खाली एक ओळ लिहिली: 'ग्रुप में देशविरोधी बातें नहीं चलेंगी.'

हा शब्द मी वापरला. काढून टाकणं एक वेळ विसरलं गेलं असतं.

त्या ओळीचा फोटो शहरभर फिरला, रईसभाईंच्या नावासकट. दानी मैडमसारखी बाई हे म्हणते म्हणजे काहीतरी असणारच, असं लोक म्हणाले. ताईंचा खरेपणा त्या ओळीला मोहर म्हणून लागला. दोन-तीन दिवसांत गोलकीपिंग शिकणाऱ्या पोरांपैकी बरीच यायची बंद झाली. आईबापांनी वेगवेगळी कारणं दिली. कुणाचा खोकला, कुणाचं ट्यूशन. रईसभाई पॅडची पोती घेऊन एक-दोनदा येऊन बसले आणि मग तेही यायचे थांबले.

ताई सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी परतल्या होत्या. त्यांनी आधी रईसभाईंना परत ग्रुपमध्ये घेतलं, ज्यांनी शिव्या दिल्या त्यांना फोन केले, आणि मग मला.

"मुकुंदा, मी कालचं सगळं वाचलं."

"हो ताई."

मग म्हणाल्या, "तुला काही सांगायचं आहे का?"

"नाही ताई."

"बरं."

त्या 'बरं'मध्ये राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. चावी दोघांकडेच होती. आपण ती ओळ लिहिली नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणजे कुणी लिहिली हेही माहीत होतं.

त्याच दुपारी ग्रुपमध्ये अंपायरच्या नावाने आलं: 'कल का फ़ैसला गलत था. रईस भाई ने खेल की बात कही थी. फ़ैसला अंपायर का था, माफ़ी भी अंपायर की.' आता दोन्ही बाजू तुटून पडल्या. एक बाजू म्हणाली, दोस्तासाठी पलटली. दुसरी म्हणाली, पोटातलं बाहेर आलं, आता सारवासारव चालली आहे. कुणीतरी लिहिलं, इतकी वर्षं मैदानातही असंच केलं असेल. आयुष्यभराच्या शिट्ट्या एका दुपारीत खोट्या ठरायला लागल्या. मी वाचत होतो. एक ओळ लिहिली असती की कालचा अंपायर मी होतो, तर थांबलं असतं.

त्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. "माझी स्कूटर दुरुस्तीला आहे. मला गढ्याला सोडून देतो का? रईसकडे."

मी घेऊन गेलो. गढ्याच्या गल्ल्या अरुंद, गाडी बाहेर लावून चालत गेलो. ताई नेहमीप्रमाणे तिरप्या चालत होत्या, भिंतीला पाठ करून, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत. रईसभाईंनी दार उघडलं.

"आइए, मैडम," ते म्हणाले.

दीदी नाही म्हणाले. ताई उंबऱ्यात क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या. चहा आला, सोबत खारी बिस्किटं. रईसभाईंनी मझौलीच्या लग्नाचं विचारलं, मला कारखान्याचं. सगळं रीतसर. शेवटी त्यांनी कप खाली ठेवला.

"एक बात पूछूँ मैडम? वो लाइन आपने लिखी थी?"

हॉकीत शिट्टी वाजवली की अंपायर आधी जोडीदाराकडे बघतो. त्याला काही वेगळं दिसलं असेल तर ते सांगायची ती वेळ असते. ताईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ना आरोप होता ना विनवणी, नुसतं विचारणं होतं. तेवढ्यासाठीच त्यांनी मला आणलं होतं हे मला तिथेच, त्या खुर्चीत कळलं. मी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून कपात पडलं आणि मी चमचा शोधू लागलो.

ताईंनी नजर वळवली.

"सीटी मेरी थी, रईस," त्या म्हणाल्या.

"अच्छा," रईसभाई म्हणाले. आपला कप बाजूला सारत म्हणाले, "कोई बात नहीं. अंपायर से बहस नहीं करते. आप ही ने सिखाया है."

"बहस कर ले," ताई म्हणाल्या. "तू तो हमेशा करता है."

"उस वक्त खेल की बात होती थी, मैडम."

परत येताना मी गाडी चालवत होतो आणि त्या मागे बसल्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. मी वाट बघत होतो, चार शब्द ऐकवतील आणि मोकळं होईल सगळं. बाजाराशी आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "थांब जरा. वांगी चांगली दिसून राहिली." त्यांनी वांगी घेतली, अर्धी मला दिली. "सुनंदाला सांग, भरून कर म्हणावं." सुनंदा माझी बायको. घराशी उतरताना एवढंच म्हणाल्या, "चुकलेल्या जोडीला पुढचा सामना देत नाहीत, मुकुंदा. आपण दोघं बाहेर होऊ."

आम्ही बाहेर झालो. खातं बंद झालं, ग्रुप दुसऱ्यांनी घेतला. ते फोन वगैरे करत नसत. न आवडलेलं पुसून टाकत. एकदा ताईंचंच काहीतरी पुसलं गेलं, पंजाबच्या एका जुन्या सेंटर हाफ खेळाडूबद्दलचं. मला सांगताना हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला कार्ड. अन् सांगितलं पण नाही रे काहून ते."

त्यांनी माझ्याशी वागणं बदललं नाही. हे कुणाला चांगलं वाटेल. मला ते सोसणं जड गेलं. दिवाळीला चिवडा आला. माझ्या मुलाला नोकरी लागली तेव्हा स्वतः आल्या. मी त्यांच्या घरी जाणं हळूहळू कमी केलं, त्यांनी विचारलं नाही. आणि दुबेच्या कंपूत मी अजून फिरायला जात होतो. तिथे मला आता मध्यभागी जागा मिळत होती की काय, तर नाही. दुबेला वाटायचं, ते मैडमने केलं.

ताईंनी त्या पोरांच्या आईबापांना एकेकाला फोन केले. घरीही गेल्या. काही पोरं परत आली. रईसभाई नाही आले.

मी ताईंना शेवटचं बघितलं ते मैदानावर. हिवाळ्याची सकाळ होती. मुलीकडे पुण्याला जाण्याआधीचे त्यांचे दिवस. गुडघे पार गेले होते, डॉक्टरांनी हृदयाचंही काही सांगितलं होतं. मी कठड्याबाहेर थांबलो, आत गेलो नाही. गोलमध्ये एक मुलगी उभी होती, तिला पॅड मोठे होत होते. ताई गोलपोस्टला धरून उभ्या होत्या, साडीवर स्वेटर, पायात कापडी बूट. तिला सांगत होत्या, "पाँव पास रख. बॉल को देख, स्टिक को मत देख. रईस सर कैसे बोलते थे?" मुलगी काहीतरी म्हणाली. "हाँ, वैसे ही." मग पोस्ट सोडून त्या स्वतः गुडघे वाकवून दाखवायला गेल्या, अर्ध्यात अडकल्या, आणि त्या मुलीच्या हेल्मेटवर हात टेकून सावकाश उभ्या राहिल्या. समोरून कुणीतरी चेंडू मारला. मुलीने अडवला. ताईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. तो लांब गेलेला चेंडू आणायला त्या स्वतःच निघाल्या, मुलीकडे वळून बघत, तिरप्या.

मला हाक मारता आली असती. अंतर फार नव्हतं.

त्या वारल्याही पुण्यालाच. इथे मराठी मंडळींनी हॉलमध्ये शोकसभा ठेवली. भाषणं झाली, सगळी मराठीत. रईसभाई मागच्या खुर्चीवर बसून होते, एक शब्द न कळता, शेवटपर्यंत. संपल्यावर ते माझ्याजवळ आले. आता खूप थकले आहेत. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आप तो उनके घर के आदमी थे," ते म्हणाले. "मैं आज तक समझ नहीं पाया. दीदी ने वो क्यों लिखा? आपको तो बताया होगा."

दीदी म्हणाले ते. त्या गेल्यावर.

मी म्हटलं, "पता नहीं, रईस भाई."

त्यांनी मान हलवली, माझा हात थोपटला आणि जिना उतरून गेले.

रईसभाई गढ्यात त्याच घरात राहतात. मला घर माहीत आहे. हे मी मराठीत लिहितो आहे आणि त्यांना मराठी येत नाही. म्हणूनच लिहिता आलं, हेही कबूल करतो. ती ओळ माझी होती, त्यांच्या दीदीची नाही, हे त्यांच्या घरी जाऊन सांगायचं देणं मी त्यांना लागतो. अजून सांगितलेलं नाही.